कापलेली क्लिप आणि ताईंचं नाव

पत्र:

माझी मोठी बहीण एका स्थानिक निवडणुकीला उभी आहे आणि तिच्या प्रचाराचं सगळं मी बघतो. लढत तिरंगी आहे. एक मावळते सदस्य, दुसरी ताई आणि तिसरे एक गृहस्थ, जे कुणाच्या अध्यात ना मध्यात. गेल्या आठवड्यात मावळत्या सदस्यांच्या माणसांनी ताईविरुद्ध एक व्हिडिओ फिरवला. ती ज्या संस्थेची खजिनदार होती तिथे पैशांचा घोळ झाला, असं त्यात सुचवलंय. सरळ आरोप कुठेच नाही, नुसती प्रश्नचिन्हं. खरी गोष्ट अशी की तिच्या काळातले हिशेब तपासून मंजूर झालेत. घोळ झाला तो ती पद सोडून गेल्यावर दोन वर्षांनी.

आमच्या प्रचारातल्या मुलांना त्या सदस्यांचं एक जुनं भाषण सापडलंय. त्यात ते म्हणतात, ‘इथल्या लोकांना काही कळत नाही...’ पुढे ‘असं वरच्या साहेबांना वाटतं’ असं आहे, ते आम्ही कापलंय. चाळीस सेकंदांची क्लिप तयार आहे. ताईच्या नावानं नाही, एका निनावी पेजवरून टाकायचा बेत आहे. ताईला अजून सांगितलेलं नाही, ती नको म्हणेल. मतदानाला अकरा दिवस उरलेत. सगळे म्हणतात, निगेटिव्हच लोकांच्या लक्षात राहतं. टाकू का? आणि त्यांच्या व्हिडिओला उत्तर द्यावं की दुर्लक्ष करावं? आमच्याकडे त्यांच्या हजेरीची अधिकृत नोंदही आहे, ५४ बैठकांपैकी १७ वेळा हजर. पण मुलांना ती बोअर वाटते.

– ताईचा धाकटा भाऊ

उत्तर:

तुमच्या पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. ‘ताईला अजून सांगितलेलं नाही, ती नको म्हणेल.’ म्हणजे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, फक्त दुसऱ्या कुणीतरी वेगळं सांगावं अशी आशा आहे. माझ्याकडून ती पुरी होणार नाही. क्लिप टाकू नका.

रागावला नसाल तर पुढे वाचा. तुमच्या मुलांचं सगळंच चुकतंय असं मी म्हणणार नाही.

मी बरीच वर्षं जाहिरातींची कॉपी लिहिली. ऐन उमेदीत एका उमेदवारासाठी विरोधकाची पिसं काढणारं पत्रक मीच लिहिलं होतं. विरोधकाचा फोटो मुद्दाम काळपट छापायला सांगितला, डोळ्यांखालच्या सावल्या गडद करून घेतल्या, वर जाड ठशात ‘याच्या हाती किल्ल्या देणार?’ मला ते फारच झकास वाटत होतं. पहिला ताव मशीनवरून उतरला तेव्हा मशीनमननं तो उचलला, शाई ओली म्हणून कडेनं धरला आणि वाचला. दाद मिळेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत उभा. त्यानं कागद उलटा केला. मागं कोरं. पुन्हा सुलटा करून तळाची अगदी बारीक ओळ वाचली आणि म्हणाला, ‘हे यांनी काढलंय होय?’ बस्स, एवढंच. किल्ल्यांबद्दल चकार शब्द नाही, विरोधकाबद्दल नाही. पुढे आमचा उमेदवार पडला. पत्रकामुळेच पडला असं मी म्हणणार नाही, पडण्याला कारणं पुष्कळ होती. पण एका सभेत कुणीतरी उठून त्या फोटोबद्दल विचारलं, आणि आमचे उमेदवार स्वतःची कामं सांगायची सोडून दहा मिनिटं एका फोटोच्या काळेपणाचा खुलासा करत बसले, हे मी मागच्या रांगेत बसून बघितलंय. खुलासा करायची पाळी खरं तर माझी होती.

‘निगेटिव्ह लक्षात राहतं’ हे मुलांचं म्हणणं बरोबर आहे. पण लक्षात राहणं वेगळं आणि मत मिळणं वेगळं. अमेरिकेत रिचर्ड लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या विषयावरचे १११ अभ्यास एकत्र तपासले. अशा जाहिराती जास्त लक्षात राहतात, हे त्यांना दिसलं. पण अशा जाहिरातींनी मतं वाढतात, याला भक्कम आधार सापडला नाही. विरोधकाची प्रतिमा मळवायला जावं, तर हात आपलेही मळतात.

ते कसे मळतात, हेही मानसशास्त्रज्ञांनी बघितलंय. जॉन स्कोव्रोन्स्की आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की आपण दुसऱ्याचा जो अवगुण सांगतो, तोच ऐकणारा नकळत आपल्यालाही चिकटवतो. अमका खोटारडा आहे असं घोकणारा माणूस काही दिवसांनी ऐकणाऱ्याच्या डोक्यात खोटेपणाशी जोडला जातो. ऐकणारा हे ठरवून करत नाही, म्हणून त्याला समजावूनही उपयोग नाही. आता तुमची क्लिप बघा. ‘इथल्या लोकांना काही कळत नाही.’ हे वाक्य त्या भाषणानंतर कुणी उच्चारलं नसेल. या अकरा दिवसांत ते पुन्हा पुन्हा वाजवणार कोण? तुम्ही.

शिवाय ती क्लिप कानाला खोटी लागते. मी ऐकलेली नाही, तरी सांगतो. मराठी वाक्यात ‘असं वाटतं’ पुढे यायचं असतं, तेव्हा आधीच्या तुकड्यावर बोलणाऱ्याचा आवाज खाली उतरत नाही, वरच टांगलेला राहतो. ‘काही कळत नाही’ हे तोडून दाखवलंत की आवाज अधांतरी थांबतो आणि लगेच तुमचं ढँण्‌ढँण्‌ संगीत सुरू होतं. दहातल्या सात जणांना काही जाणवणार नाही. उरलेले तिघं विचारतील, ‘पुढे काय म्हणाले?’ आणि त्या पुढच्याची अख्खी फीत समोरच्यांकडे असणारच, भाषण त्यांचंच आहे. त्यांना फक्त दोन तुकडे शेजारी शेजारी लावायचेत. मग त्यांना ताईंवर आरोप करायचीही गरज नाही. तुम्हीच पुरावा तयार करून त्यांच्या हातात दिलेला असेल. खजिनदाराच्या हिशेबावर ज्यांनी नुसती प्रश्नचिन्हं टाकली, त्यांना ‘बघा, ही माणसं कशी काटछाट करतात’ असं म्हणायची सोय तुम्ही करून देताय. काटछाट हा शब्द खजिनदाराच्या बाबतीत किती महागात पडतो, ते मी सांगायला नको.

असं उलटल्याची उदाहरणं हवी असतील तर दोन सांगतो, दोन्ही मोठ्या निवडणुकांमधली. कॅनडात ऑक्टोबर १९९३ मध्ये सत्तेतल्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षानं लिबरल नेते जाँ क्रेतियाँ यांच्यावर जाहिरात काढली. लहानपणीच्या आजारानं क्रेतियाँ यांच्या चेहऱ्याची एक बाजू अर्धवट लुळी पडलेली. जाहिरातीत त्यांचे नेमके तेच दिसतील असे फोटो होते, आणि मागून आवाज, की हा माणूस पंतप्रधान झाला तर मला लाज वाटेल. आपण व्यंगावर बोट ठेवलंच नाही, असं काढणाऱ्यांचं म्हणणं होतं. बघणाऱ्यांना मात्र तेच दिसलं. त्यांच्या स्वतःच्या उमेदवारांनीसुद्धा जाहिरात मागं घ्या म्हणून गलका केला, आणि पंतप्रधान किम कॅम्पबेल यांना ती मागं घ्यावी लागली. क्रेतियाँ यांनी उत्तर फार साधं दिलं. हे व्यंग देवानं दिलंय, लहानपणापासून मी ते स्वीकारलंय, एवढ्याच अर्थाचं. त्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाला दोन जागा मिळाल्या. दोनशे नाहीत, दोन. पक्ष आधीपासूनच गाळात जात होता, त्यामुळे सगळं खापर जाहिरातीवर फोडायला नको. पण बुडत्या माणसानं स्वतःच्या पायाला दगड बांधून घेतला, एवढं नक्की.

दुसरं उदाहरण तुमच्या क्लिपच्या जास्त जवळचं आहे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात सिनेटर एलिझाबेथ डोल यांनी आव्हान देणाऱ्या के हेगन यांच्यावर शेवटच्या टप्प्यात जाहिरात काढली. हेगन या नास्तिकांच्या गोटातल्या, असा रोख. जाहिरातीच्या शेवटी हेगन यांचा फोटो आणि त्यावर एका बाईचा आवाज, ‘देव नाही.’ आवाज हेगन यांचा नव्हताच. त्या आपल्या चर्चमधल्या पदाधिकारी आणि मुलांना रविवारी धर्मशिक्षण देणाऱ्या. त्यांनी बदनामीचा दावा ठोकला, कॅमेऱ्यासमोर येऊन उत्तर दिलं आणि निवडून आल्या. डोल हे केवढं जुनं, वजनदार नाव! त्या शेवटच्या आठवड्यात चर्चा डोल यांच्या कामाची नव्हती, त्या परक्या बाईच्या आवाजाची होती.

तुमची लढत तिरंगी आहे, हे तुम्ही सहज लिहिलंत. माझ्या दृष्टीनं क्लिपविरुद्ध हे एकच कारण पुरेसं आहे. दुहेरी लढतीत समोरच्याचं एक मत गेलं की ते निदान तुमच्या विरोधातून तरी कमी होतं. तिरंगीत ते तुमच्याकडे येईलच असं नाही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी हॉवर्ड डीन आणि डिक गेपहार्ट एकमेकांवर तुटून पडले होते. निकाल लागला तेव्हा जॉन केरी पहिले, जॉन एडवर्ड्स दुसरे. डीन तिसरे आले. गेपहार्ट चौथे आले आणि शर्यतीतूनच बाहेर पडले. तुमचे ते अध्यात ना मध्यात असलेले गृहस्थ सध्या काय करतायत? बहुधा शांतपणे घरोघरी जातायत. तुम्ही दोघं एकमेकांची धुणी धुवाल तेवढं त्यांचं काम सोपं.

आता निनावी पेज. यामागचा हिशेब मला कळतो. मजकूर राहतो आणि कुणी सांगितलं ते लोक विसरतात, ही गोष्ट खरीच आहे. येल विद्यापीठात कार्ल हॉव्हलँड आणि वॉल्टर वाईस यांनी १९५१ मध्ये हे दाखवलं होतं. पण त्यांनी पुन्हा मोजमाप केलं ते चार आठवड्यांनी! तुमच्याकडे अकरा दिवस आहेत. तुमच्या क्लिपचा उगम लोक विसरतील तोवर मतमोजणी होऊन गुलाल धुऊन निघालेला असेल. आणि स्थानिक निवडणुकीत निनावी असं काही नसतं हो. कोणत्या पेजमागं कुणाचा मुलगा आहे हे दोन दिवसांत सगळ्यांना कळतं, आणि मग क्लिप टाकल्याचा एक आणि लपवल्याचा दुसरा असे दोन ठपके ताईंवर येतात. त्यांना यातलं काही माहीतच नव्हतं, हे कुणाला पटेल? आणि समजा पटलंच, तर ज्या बाईंना स्वतःच्या प्रचारात काय चाललंय ते ठाऊक नाही, त्यांना निवडून का द्यायचं, हा पुढचा प्रश्न.

कायद्याचंही बघा. ब्रिटनमध्ये २०१० साली फिल वूलस हे लेबर पक्षाचे उमेदवार, माजी मंत्री, १०३ मतांनी निवडून आले. प्रचारपत्रकांत त्यांनी प्रतिस्पर्धी अतिरेकी विचारांच्या लोकांना चुचकारतो असं सुचवलं होतं. हे खरं आहे असं स्वतःला वाटत नसूनही लिहिलं, असा निष्कर्ष विशेष निवडणूक न्यायालयानं काढला, निवडणूक रद्द केली आणि त्यांना तीन वर्षं उभं राहायला मनाई केली. भारताच्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातही कलम १२३(४) याच जातीचं आहे. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल किंवा वर्तनाबद्दल जाणूनबुजून खोटं विधान प्रसिद्ध करणं हा त्यात भ्रष्ट आचार ठरतो. स्थानिक निवडणुकांचे कायदे वेगळे असतात, ते वकिलाला दाखवून घ्या. पण जिंकूनही हरता येतं, एवढं लक्षात असू द्या.

आता मुलांची बाजू. ती सरसकट चूक नाही, असं मी म्हणालो होतो. विरोधकावर टीका करूच नये, नेहमी गोडगोडच बोलावं, हा सल्ला मला ढोंगी वाटतो. मावळत्या सदस्यांनी काय केलं आणि काय केलं नाही, हे मतदारांना सांगणार कोण? ते स्वतः तर सांगणार नाहीत. जॉन गीअर या अभ्यासकानं १९६० ते २००४ पर्यंतच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकांतल्या जाहिराती तपासून दाखवलं की टीका करणाऱ्या जाहिरातींत मुद्दे आणि दाखले कौतुकाच्या जाहिरातींपेक्षा जास्त असतात. साहजिक आहे. स्वतःची स्तुती करायला पुरावा कुणी मागत नाही, दुसऱ्याला नावं ठेवायला मागतात.

म्हणून म्हणतो, ती बोअर हजेरी हेच तुमचं हत्यार आहे. ५४ पैकी १७. पण वापरण्याआधी एक चौकशी करा. ३७ वेळा ते का नव्हते? मोठं आजारपण, घरातलं कुणी गेलं असलं काही असेल, तर तो काळ वजा करा आणि वजा केलाय हे सांगा. आकडा थोडा लंगडा झाला तरी चालेल. नंतर त्यांनी दवाखान्याचे कागद दाखवले तर तुमचा आकडा आणि ताईंची लाज दोन्ही जातील. मग नोंदीचं पान आहे तसं दाखवा, तारखांसकट. फोटो काळा-पांढरा करू नका, संगीत नको, लाल वर्तुळं नकोत. ताईंनी स्वतः बोलावं, स्वतःच्या नावाच्या पानावरून, बसून, नेहमीच्या आवाजात: या बैठकांना हे हजर नव्हते, त्यातल्या या दोन बैठकांत आपल्याकडच्या या कामांवर निर्णय झाला, मी असते तर हे मांडलं असतं. आणि शेवटी, यात काही चूक असेल तर त्यांनी सांगावं, मी दुरुस्त करीन. हे शेवटचं वाक्य मुलांना मुळीच आवडणार नाही. तरी ते काढू देऊ नका.

त्यांच्या व्हिडिओला उत्तर द्यायचं का? द्यायचं, आणि आज. एक आठवडा आधीच गेलाय. १९८८ मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाचे उमेदवार मायकेल डुकाकिस यांनी असल्या जाहिरातींना वेळेवर उत्तर दिलं नाही, आणि ती चूक होती हे पुढे स्वतः कबूल केलं. २००४ मध्ये अध्यक्षपदाला उभ्या असलेल्या जॉन केरी यांच्या युद्धातल्या कामगिरीवर एका बाहेरच्या गटानं जाहिराती सोडल्या, तेव्हा त्यांनाही थेट बोलायला दोन आठवडे लागले. तोवर लोकांनी गप्प बसण्याचा अर्थ आपापल्या परीनं लावून टाकला होता. उत्तर द्या, पण त्यांचा व्हिडिओ पुन्हा दाखवून नाही. ‘मी पैसे खाल्ले नाहीत’ या वाक्यात लोकांना ऐकू येतं ते ‘पैसे खाल्ले’. सुरुवात कागदापासून करा: माझ्या काळातले हिशेब या तारखेला तपासून मंजूर झाले, हा अहवाल. घोळ झालाच नाही असं चुकूनही म्हणू नका. तो झालाय. मी पद सोडल्यावर दोन वर्षांनी झाला, एवढं सरळ सांगा. त्या संस्थेतलं कुणी, शक्यतो ज्यांचं ताईंशी फारसं जमत नव्हतं असं, दोन वाक्यं बोलायला तयार असेल तर दुधात साखर. हे जिथं जिथं त्यांचा व्हिडिओ फिरला तिथं एकदाच टाका आणि विषय सोडा. रोज खुलासा केलात तर खुलाशाचाच संशय येतो.

एक मोह मात्र आधीच टाळा. ‘आम्ही चिखलफेक करत नाही’ अशी जाहिरात काढायची टूम निघेल. २०१० मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात जॉन हिकनलूपर यांनी काढली होती. निगेटिव्ह जाहिराती पाहिल्या की अंघोळ करावीशी वाटते असं सांगत ते कपड्यांसकट शॉवरखाली जाताना दाखवले होते. लोकांना आवडली, ते गव्हर्नर झाले. पण एकदा असं जाहीर केलंत की उद्या हजेरीची नोंद दाखवतानाही लोक म्हणतील, अंघोळ विसरलात वाटतं.

आज संध्याकाळी ताईंकडे जा. आधी अख्खं भाषण ऐकवा, मग तुमची क्लिप. अमेरिकेत २००२ च्या कायद्यानुसार केंद्रीय निवडणुकांतल्या उमेदवाराला आपल्या रेडिओ-टीव्हीवरच्या जाहिरातीत स्वतःच्या आवाजात ‘हा संदेश मी मान्य केलाय’ असं म्हणावं लागतं. ताईंना मोबाईल समोर धरून तेवढं एक वाक्य म्हणायला सांगा, एकदा क्लिपसाठी आणि एकदा हजेरीच्या पानासाठी. त्या काय म्हणतात यापेक्षा म्हणताना कुठे बघतात, ते बघा. मग क्लिप पुसून टाका. फोनवरूनच नाही, ज्यानं कापली त्याच्या लॅपटॉपवरून आणि ज्या तिघाचौघांना ‘बघ कशी झालीय’ म्हणून पाठवली त्यांच्याकडूनही. त्या मुलाला हाकलू नका. त्याला कान चांगला आहे, नाहीतर नेमकं कुठं कापायचं ते कळलं नसतं. बैठकांची इतिवृत्तं वाचायला बसवा त्याला, सदतीस आहेत.